ओस दालने, ओस वाड्या

तालुक्याच्या गावचे दूरध्वनी केंद्र आठवून पाहा. एके काळी यंत्रांनी भरलेली दालने, खिडकीवर देयके भरणाऱ्यांची रांग, आत कर्मचाऱ्यांची वर्दळ. आज ती यंत्रे चार कपाटांत मावतात. ३१ जानेवारी २०२० रोजी भारत संचार निगमाचे सुमारे ७८ हजार कर्मचारी, म्हणजे जवळजवळ निम्मे मनुष्यबळ, स्वेच्छेने निवृत्त झाले. माणसे गेली, इमारती उरल्या.

दोनच महिन्यांत टाळेबंदी आली. अलिबाग, मुरूड, श्रीवर्धनचा चाकरमानी गावी परतला आणि ओटीवर बसून मुंबईच्या कचेरीचे काम करू लागला. पोटासाठी मुंबई गाठलीच पाहिजे, हा पिढ्यान्‌पिढ्यांचा समज डळमळला. परंतु ३ जूनच्या निसर्ग चक्रीवादळात वीज गेली, मनोरे मुके झाले. ओटी म्हणजे कचेरी नव्हे, हेही तेव्हाच उमगले. पुढे हा तरुण निमूटपणे पुन्हा लोकलला लटकू लागला.

एकीकडे माणसांवाचून जागा, दुसरीकडे जागेवाचून माणसे! यांची गाठ घालण्याचे कोणाच्याच मनात येऊ नये, यासारखा करंटेपणा नाही.

सरकारी उत्तर ठरलेले असते : विका, नाहीतर अधिक भाडे देणाऱ्यास द्या. मालमत्तांतून पैसा उभारण्याचे कलम ऑक्टोबर २०१९ च्या पुनरुज्जीवन योजनेतच होते. निगमास पैशाची निकड आहे, हे मान्य. परंतु किनाऱ्यावरील भूखंड एकदा विक्रीस निघाला की तेथे कोणाची कुंपणे उभी राहतात, हे रायगडकरांस सांगावयास नको. जी जागा जनतेच्या पैशातून उभी राहिली, तिच्यावर पहिला हक्क त्या गावच्या तरुणाचा आहे.

आमची मागणी साधी आहे. गावात तंतुवाहिनी प्रथम येते ती या केंद्रात. वीज गेल्यास बॅटऱ्या आणि जनित्रही तेथेच असते. यंत्रांचे दालन कुलूपबंद ठेवून उरलेल्या जागेत वीस टेबले मांडावीत, ती माफक मासिक भाड्याने द्यावीत आणि व्यवस्था स्थानिक सहकारी संस्थेकडे सोपवावी. मालकी निगमाचीच राहील, बंद दाराआड कुजणाऱ्या जागेचे चार पैसेही मिळतील.

कंपन्या आता कर्मचाऱ्यांना परत बोलावीत आहेत, असा आक्षेप येईल. तो खराही आहे. पण अनेक ठिकाणी आठवड्याचे दोन-तीन दिवसच हजेरी लागते. मार्च २०२० पासून मांडव्याहून रो-रो सेवा आहे, १२ जानेवारी २०२४ पासून अटल सेतू आहे. श्रीवर्धनकरास हे अंतर आजही जड जाईल. अलिबाग-उरणच्या तरुणास नाही. हा सेतू केवळ शनिवार-रविवारच्या बंगलेवाल्यांसाठी बांधलेला नाही.

दीनदयाळजींनी १९६५ साली मुंबईतच एकात्म मानवदर्शन मांडले. विकेंद्रीकरण आणि अंत्योदय हे शब्द आपण तेव्हापासून उच्चारीत आलो आहोत. ज्या वाडीत सणापुरते दार उघडते आणि एरवी म्हातारी माणसे दिवा लावतात, तेथे या शब्दांची परीक्षा आहे.

म्हणून कार्यकर्त्यांनी शासनाची वाट पाहत बसू नये. आपल्या तालुक्यातील रिकाम्या सरकारी दालनांची मोजणी करावी, गावी राहून काम करू इच्छिणाऱ्या तरुणांची यादी करावी आणि दोन्ही कागद एकत्र जोडून लोकप्रतिनिधींच्या हाती ठेवावेत. कुलूप कोणाचे आणि किल्ली कोणाकडे, हे मग त्यांनाच सांगावे लागेल.