विश्लेषण : ‘सेव्हरन्स’चा शेवट बरोबर की चूक? दुसऱ्या पर्वावरून चाहत्यांमध्ये दोन तट का पडले?

(सूचना : या लेखात मालिकेच्या दुसऱ्या पर्वाचा शेवट उघड केला आहे.)

ॲपल टीव्हीवरील ‘सेव्हरन्स’ या विज्ञानकथा मालिकेचे दुसरे पर्व २१ मार्च २०२५ रोजी संपले. एमी पुरस्कारांत त्याला सर्वाधिक २७ नामांकने आणि आठ पुरस्कारही मिळाले. तरीही शेवटच्या दोन मिनिटांवरून चाहत्यांचा वाद सुरूच आहे. नायकाने पत्नीला दाराबाहेर सोडून दुसऱ्या स्त्रीचा हात धरला, तो योग्य की अयोग्य? वरवर हे प्रेमाच्या त्रिकोणाचे भांडण वाटते. खरा प्रश्न मात्र वेगळा आहे.

मालिकेची कल्पना काय?

‘ल्यूमन’ नावाची एक कंपनी काही कर्मचाऱ्यांच्या मेंदूत चिप बसवते. लिफ्टने कामाच्या मजल्यावर उतरले की बाहेरचे सगळे विसरायला होते आणि संध्याकाळी वर आले की ऑफिसमधले काहीच आठवत नाही. एकाच शरीरात दोन माणसे तयार होतात. आतला तो ‘इनी’ आणि बाहेरचा तो ‘आउटी’. आउटीच्या दृष्टीने तो ऑफिसला कधी गेलाच नाही. इनीच्या दृष्टीने तो घरी कधी गेलाच नाही. त्याला झोप, रविवार, आई-वडील, यातले काहीच ठाऊक नाही.

लेखक डॅन एरिक्सन यांना ही कल्पना दारे बनवणाऱ्या एका कंपनीत कंटाळवाणी नोकरी करताना सुचली. पुढचे आठ तास आपल्याला न कळता निघून जावेत, असे त्यांना वाटायचे. मालिका विचारते, तुम्हाला ते तास जाणवले नाहीत, तर मग ते कोणी काढले?

दुसरे पर्व यायला इतका वेळ का लागला?

पहिल्या पर्वाचा शेवटचा भाग ८ एप्रिल २०२२ रोजी आला आणि कथा ऐन रंगात असताना थांबली. दुसरे पर्व सुरू झाले थेट १७ जानेवारी २०२५ रोजी. मध्यंतरी २०२३ मध्ये हॉलिवूडमधील लेखकांचा आणि पाठोपाठ अभिनेत्यांचा संप झाला. त्यात चित्रीकरण रखडले.

जवळपास तीन वर्षांच्या या काळात चाहत्यांनी कथेतील प्रत्येक वस्तूचा कीस काढला. ऑफिसात शेळ्या का पाळल्या आहेत? पडद्यावरच्या ‘भीतीदायक’ आकड्यांची वर्गवारी करून नेमके काय होते? त्यात दुसऱ्या पर्वाचे दहा भाग एकदम न देता दर शुक्रवारी एक असे दिले गेले. म्हणजे प्रत्येक भागानंतर तर्क लढवायला पुढचे सात दिवस मोकळे. अपेक्षा वाढत गेल्या आणि वादाची पहिली ठिणगी तिथेच पडली.

पहिला आक्षेप : कथा रेंगाळली का?

सातव्या भागात मोठा उलगडा होतो. नायक मार्क स्काउट ज्या पत्नीला मृत समजतो, ती जेमा ल्यूमनच्याच तळमजल्यावर कैदेत आहे. मार्क ज्या फायली पूर्ण करतो, त्यातील प्रत्येक फायलीतून जेमाच्या मेंदूत एक नवी इनी तयार होते. प्रेक्षक खुर्चीच्या टोकावर आले असताना आठवा भाग मात्र सर्वांना सोडून हार्मनी कोबेल या एकाच पात्राबरोबर तिच्या ओसाड गावी जातो. हा भाग ४० मिनिटांहूनही छोटा आहे. ‘इथे कशाला थांबवले?’ अशी तक्रार अनेकांनी केली. चिपची मूळ रचना कोबेलची होती आणि कंपनीने तिचे श्रेय लाटले, हे याच भागात कळते, असे दुसऱ्यांचे उत्तर होते.

या तक्रारीमागे जुनी भीतीही आहे. २००४ ते २०१० दरम्यान गाजलेल्या ‘लॉस्ट’ने कोडी खूप घातली, पण सगळ्यांची उत्तरे दिली नाहीत, अशी अनेक प्रेक्षकांची भावना होती. ‘सेव्हरन्स’चेही तसेच होईल का, ही धास्ती पहिल्यापासून होती. प्रत्यक्षात या पर्वाने जेमा कुठे आहे, आकड्यांचे काम कशासाठी आहे आणि शेळ्या का आहेत, या तिन्ही प्रश्नांची उत्तरे दिली.

शेवटावरून नेमका वाद काय?

शेवटच्या भागात मार्कचे दोन अवतार व्हिडिओ कॅमेऱ्यावर निरोप ठेवत एकमेकांशी बोलतात. आउटीची विनंती साधी आहे : माझ्या पत्नीला सोडव. बदल्यात तो दोघांच्या आठवणी एकत्र करण्याचे आश्वासन देतो. पण इनीचे जिच्यावर प्रेम आहे, त्या हेलीचे नावही तो चुकीचे घेतो. इनीला कळून चुकते की आपले आयुष्य जेमतेम दोन वर्षांचे, याचे चाळीसेक वर्षांचे. एकत्र झालो तर आपण उरणार किती?

तरीही तो जेमाला सोडवतो, दारापर्यंत पोहोचवतो. ती बाहेर पडते, काच बडवत त्याला बोलावते. तो मागे वळून पाहतो, तिथे हेली उभी असते. तो तिच्याकडे जातो.

एका गटाच्या मते ही क्रूरता आहे. जेमाने इतके सोसले, मार्क दोन वर्षे शोकात होता आणि सुटकेच्या क्षणी तिला एकटे सोडले. शरीर मार्कचे, लग्न मार्कचे, मग निर्णय इनीने का घ्यावा? दुसरा गट म्हणतो, त्याने आपला शब्द पाळला. दाराबाहेर पाऊल टाकणे म्हणजे त्याच्यासाठी मरण होते. दुसऱ्याच्या संसारासाठी त्याने जीव का द्यावा?

दोन्ही बाजूंची कोंडी कुठे होते?

इनीला माणूस मानायचे की नाही, यावर सारे ठरते. पहिल्या पर्वात हेलीची आउटी हेलेना तिला व्हिडिओवरून सुनावते की तू माणूसच नाहीस. तेव्हा बहुतेक प्रेक्षक हेलीच्या बाजूने होते. मग शेवटी ‘मार्कने बाहेर यायलाच हवे होते’ असे म्हणताना नकळत हेलेनाचाच युक्तिवाद वापरला जातो.

दुसरी बाजूही सहज सुटत नाही. याच पर्वात हेलेना हेली असल्याचे भासवून मार्कच्या इनीशी शरीरसंबंध ठेवते. इनी आणि आउटी वेगळी माणसे असतील, तर ही उघड फसवणूक आहे आणि हेलीच्या शरीराचाही तिच्या नकळत वापर झाला आहे. पण तोच न्याय लावला तर मार्कचा इनीही आउटीचे शरीर त्याच्या संमतीशिवाय वापरतो आहे. एकाला निर्दोष ठरवले की दुसऱ्याला दोषी ठरवणे अवघड होते.

वादात एक तिसरा पक्ष मात्र क्वचित येतो : ल्यूमन. एका शरीरात दोन माणसे कंपनीने निर्माण केली, जेमाला डांबून ठेवले आणि कोबेलचे श्रेय घेतले. प्रेक्षक मात्र दोन मार्कांपैकी स्वार्थी कोण, यावर भांडत राहतात. आउटी आणि इनी एकमेकांना दोष देत राहिले, तर त्यात सोय कंपनीचीच आहे.

भारतात हा वाद ओळखीचा का वाटला?

दुसरे पर्व सुरू होण्याच्या आठवडाभर आधी, जानेवारी २०२५ मध्ये, लार्सन अँड टुब्रोचे अध्यक्ष एस. एन. सुब्रह्मण्यन यांच्या आठवड्याला ९० तास कामाच्या वक्तव्यावरून समाजमाध्यमांवर गदारोळ उठला होता. त्याआधी ऑक्टोबर २०२३ मध्ये नारायण मूर्तींच्या ७० तासांच्या सल्ल्यावरून तेच झाले होते. कामाच्या वेळेनंतर ऑफिसचे फोन न उचलण्याचा हक्क मिळावा, यासाठी बारामतीच्या खासदार सुप्रिया सुळे यांनी २०१८ मध्ये लोकसभेत खासगी विधेयक मांडले होते. इथली मागणी काम घरात शिरू नये अशी आहे. ‘सेव्हरन्स’मध्ये ती भिंत पक्की बांधून मिळते, पण तिची चावी कंपनीकडे राहते.

पुढे काय?

शेवटचा भाग प्रदर्शित झाल्या झाल्या तिसऱ्या पर्वाची घोषणा झाली. मार्क आणि हेली ल्यूमनच्या आतच अडकले आहेत आणि जेमा बाहेर एकटी आहे. इनी संपावर गेल्यासारखे उभे ठाकले आहेत. त्यामुळे मार्कने कोणाला निवडले यापेक्षा, इनींना स्वतःच्या आयुष्यावर काही हक्क मिळतो का, हा प्रश्न पुढच्या पर्वात मोठा ठरेल.