पूर्णिमेला मोजायचं कशाने?

नागेश कुकुनूर यांची ‘सिटी ऑफ ड्रीम्स’ ही मालिका 2019 मध्ये आली. गोळीबारानंतर राजकारणी ‘साहेब’ अमेयराव गायकवाड बेशुद्ध पडतात आणि खुर्चीसाठी मुलगी पूर्णिमा व मुलगा आशिष समोरासमोर येतात. ही खरी गोष्ट सत्तेची. पण चर्चा रंगली ती पूर्णिमेच्या भूमिकेतल्या प्रिया बापटच्या चुंबनदृश्याची! पूर्णिमेने बाईवर प्रेम केलं, तिचा संसार कसा चालला, यावरच अनेकांनी तिला तोललं. आशिषची नशा आणि बाहेरख्यालीपणा मात्र ‘पुरुषच तो’ म्हणून खपून गेला. हीच नजर गावोगावी आहे. 2011 पासून महाराष्ट्रात ग्रामपंचायतीच्या निम्म्या जागा महिलांसाठी राखीव आहेत. तरी कर्जत तालुक्यात काय किंवा आणखी कुठे काय, सरपंचबाईंच्या कामाआधी त्यांच्या घरची चौकशी होते आणि शेजारच्या खुर्चीत नवरोबा बसलेले कुणाला खटकत नाहीत. कर्जत तालुक्यातल्याच कशेळे गावच्या वाचकांनो, पुढच्या ग्रामसभेत सरपंचबाईंना नळपाण्याचा आणि रस्त्याचा हिशेब जरूर विचारा. त्यांच्या संसाराचा हिशेब मागण्याचा हक्क आपल्याला नाही.