पाटी कीं वही ?

बीजगणिताच्या तासाला एखाद्या विद्यार्थ्यानें फळ्यावर ‘क्ष = क्ष + १’ असें लिहिलें, तर शिक्षक काय करतील हें सांगावयास नको. कोणतीही संख्या स्वतःहून एकानें मोठी असूं शकत नाहीं, हें लहान मुलासही कळतें. परंतु तोच विद्यार्थी पुढच्या तासाला संगणकाच्या खोलींत जातो, तेथें हेंच वाक्य निमूटपणें लिहितो, आणि तेथें त्यास पूर्ण गुण मिळतात ! एकाच शाळेच्या दोन खोल्यांत सत्याचीं दोन मापें असावीं काय, हा प्रश्न आम्हांस पुष्कळ दिवस सतावीत आहे. त्याचें उत्तर शोधूं जातां एका विद्याशाखेची ओळख झाली. तिजविषयीं आमच्या विद्यार्थ्यांस व त्यांच्या पालकांस चार शब्द सांगावे, या हेतूनें हा लेख लिहिण्याचें योजिलें आहे.

प्रथम त्या वाक्याचें रहस्य पाहूं. संगणकाच्या बहुतेक प्रचलित भाषांत बरोबरीच्या चिन्हाचा अर्थ ‘बरोबर’ असा नसून ‘ठेव’ असा असतो. क्ष नांवाचा एक कप्पा आहे. त्यांतील जुना आंकडा पुसून त्या जागीं एकानें मोठा आंकडा लिही, अशी ती आज्ञा होय. म्हणजे संगणकाची स्मृति ही जुन्या काळच्या विद्यार्थ्याची पाटी झाली : लिहावें, पुसावें, पुन्हां लिहावें. याच्या उलट दुसरी एक रीत आहे. तींत एकदां लिहिलेलें पुसावयाचें नाहीं. नवी किंमत हवी असल्यास ती नव्या ओळींत लिहावयाची. व्यापाऱ्याची रोजकीर्द अशीच चालते. कालची रक्कम खोडून तिच्यावर आजची लिहिणारा कारकून कोणत्याही पेढीवर टिकणार नाहीं. या दुसऱ्या रीतीस फंक्शनल प्रोग्रॅमिंग असें नांव आहे; आपण तिला फलनप्रधान पद्धति म्हणूं. फलन म्हणजे काय, हें पाढे म्हणणाऱ्या बालकासही ठाऊक असतें. बारा साते चौऱ्याऐंशी. सकाळीं म्हणा कीं सायंकाळीं, पुण्यांत म्हणा कीं पणजींत, उत्तर बदलत नाहीं. दिलेल्या वस्तूवरूनच उत्तर निघावें व त्या उत्तराव्यतिरिक्त दुसरें कांहींही हलूं नये, असा या पद्धतीचा मूळ दंडक आहे.

पाटीवर एकटाच विद्यार्थी लिहीत असेल तर फारसें बिघडत नाहीं. परंतु एकाच पाटीवर दोघे एकदम लिहूं-पुसूं लागले म्हणजे काय अनर्थ होतो, याचें एक दुःखद उदाहरण नमूद आहे. १९८५ ते १९८७ या काळांत अमेरिका व कॅनडा या देशांत थेरॅक-२५ नांवाच्या किरणोपचार-यंत्रानें सहा रुग्णांस ठरलेल्या मात्रेच्या कितीतरी पट अधिक किरण दिले, आणि त्यांपैकीं कांहीं प्राणास मुकले. चौकशीअंतीं जे दोष उघडकीस आले, त्यांत एक असा होता कीं, आज्ञावलींतील निरनिराळीं कामें एकाच वेळीं चालत व एकच माहिती सामायिकपणें वाचीत आणि बदलीत. यंत्रचालकानें जलद हातानें आपली चूक दुरुस्त केली, तर एका कामास तो बदल कळे व दुसऱ्यास कळत नसे. दोष हा एकटाच नव्हता. धोका अडविणाऱ्या यांत्रिक अडसरांचा अभाव हाही त्यांत होता. तथापि पाटीवरचें पुसणें ही केवळ सोयीची बाब नसून प्रसंगीं जीवितमरणाची बाब होते, हें यावरून ध्यानांत यावें.

फलनप्रधान पद्धति कालची नव्हे. अलोंझो चर्च या अमेरिकन तर्कशास्त्रज्ञानें लॅम्डा कॅल्क्युलस हें गणित १९३० नंतरच्या दशकांत रचिलें, तेव्हां आजच्यासारखा संगणक अस्तित्वांतही नव्हता. जॉन मॅकार्थी यांनीं १९५८ मध्यें आरंभिलेल्या लिस्प भाषेनें त्याच गणितापासून कांहीं उसनें घेतलें. १९७७ मध्यें तर एक विलक्षण प्रसंग घडला. फोर्ट्रान भाषेचे जनक जॉन बॅकस यांस ट्यूरिंग पारितोषिक मिळालें, आणि त्या निमित्तानें दिलेल्या व्याख्यानांत त्यांनीं आपल्याच हातानें रुजविलेल्या पाटीच्या रीतीवर टीका करून फलनप्रधान पद्धतीचा पुरस्कार केला. स्वतःच्या यशांतील उणीव भर सभेंत दाखविण्यास जें धैर्य लागतें, तें आमच्या विद्यार्थ्यांनीं मनांत सांठवून ठेवण्याजोगें आहे.

आज या क्षेत्रांतील संशोधक कशाच्या मागें आहेत ? आमच्या मतें तीन प्रवाह विशेष लक्षांत घेण्यासारखे आहेत.

पहिला प्रवाह जगाशीं व्यवहार करण्याचा. जी आज्ञावली मनांतल्या मनांत गणित करील, पण पडद्यावर अक्षर उमटविणार नाहीं कीं पत्र धाडणार नाहीं, ती निष्कलंक खरी, परंतु निरुपयोगी. गॉर्डन प्लॉटकिन व मातिया प्रेत्नार यांनीं २००९ मध्यें यावर एक युक्ति मांडिली. शस्त्रक्रिया करणारा वैद्य नुसता ‘कात्री’ म्हणतो, परिचारिका ती हातांत देते, व काम जेथें थांबलें तेथूनच पुढें चालूं होतें. तद्वत् आज्ञावलीनें बाहेरचें काम केवळ मागावें, आणि तें कसें पुरें करावयाचें हें बाहेरील व्यवस्थापकानें ठरवावें. डिसेंबर २०२२ मध्यें प्रसिद्ध झालेल्या ओकॅमल भाषेच्या पांचव्या आवृत्तींत ही सोय आली. आणि या कार्यांत मद्रासच्या आय. आय. टी.मधील के. सी. शिवरामकृष्णन यांचा पुढाकार होता, हें सांगतांना आम्हांस अभिमान वाटतो.

दुसरा प्रवाह काटकसरीचा. कांहींच पुसावयाचें नाहीं म्हटलें कीं वह्या फार लागतात, हा या पद्धतीवरील जुना व रास्त आक्षेप आहे. झां-इव्ह जिरार या फ्रेंच तर्कशास्त्रज्ञानें १९८७ मध्यें असें तर्कशास्त्र मांडिलें कीं, ज्यांत गृहीतक एकदां वापरलें म्हणजे संपतें. छापा पडलेलें टपालाचें तिकीट जसें पुन्हां चालत नाहीं, तसें. अशाच विचाराच्या आधारें, अमुक पान आतां दुसरें कोणी वाचणार नाहीं, हें भाषेलाच ओळखतां येऊं लागलें आहे. मग तें पान पुसून पुन्हां वापरण्यास हरकत कोणती ? बाहेरून पाहणारास ती वहीच दिसते; आंत मात्र पाटीची काटकसर साधते. कोका भाषेच्या संशोधकांनीं २०२१ मध्यें प्रसिद्ध केलेली रीत या प्रकारची आहे.

तिसरा प्रवाह सिद्धतेचा. तो आम्हांस सर्वांत महत्त्वाचा वाटतो. प्रमेय व त्याची सिद्धता यांच्यांत जें नातें, तेंच आज्ञावलीचा प्रकार व प्रत्यक्ष आज्ञावली यांच्यांत आहे, असें हॅस्केल करी व विल्यम हॉवर्ड या तर्कशास्त्रज्ञांच्या कार्यांतून दिसून आलें. या पायावर फ्रान्समध्यें झाविए लरुआ व त्यांचे सहकारी यांनीं कॉम्पसर्ट नांवाचा कंपायलर, म्हणजे मनुष्यानें लिहिलेल्या आज्ञांचें यंत्राच्या भाषेंत रूपांतर करणारा दुभाषी, तयार केला; त्याच्या मुख्य भागाची अचूकता यंत्रानें तपासलेल्या सिद्धतेनें प्रस्थापित झाली आहे. २०११ मध्यें यूटा विद्यापीठाच्या संशोधकांनीं निरनिराळ्या कंपायलरांची कसोटी घेऊन ३२५ हून अधिक अज्ञात दोष हुडकून काढिले. परंतु इतरत्र आढळलेले तसले दोष कॉम्पसर्टच्या सिद्ध केलेल्या भागांत त्यांस आढळले नाहींत. खुद्द गणितज्ञही या वाटेनें येऊं लागले आहेत. पेटर शोल्झे यांनीं डिसेंबर २०२० मध्यें आपल्याच एका अवघड प्रमेयाची सिद्धता यंत्राकडून तपासून घेण्याचें आव्हान दिलें. लीन या फलनप्रधान भाषेच्या साहाय्यानें तें जुलै २०२२ मध्यें पुरें झालें.

आतां पालकवर्ग विचारील कीं, हें सारें ठीक. पण यावर पोट भरतें काय? प्रश्न योग्य आहे, आणि त्यास आम्ही आडवळणानें उत्तर देणार नाहीं. केवळ याच भाषा जाणणारांस मिळणाऱ्या नोकऱ्या थोड्या आहेत. परंतु या भाषांतील कल्पना आज सर्वत्र शिरल्या आहेत. जावा या अत्यंत प्रचलित भाषेनें २०१४ मध्यें लॅम्डा स्वीकारला. घरोघरीं वापरलें जाणारें व्हॉट्सॲप एर्लांग या फलनप्रधान भाषेवर उभें राहिलें. फार काय, दुकानाचा हिशेब एक्सेलच्या चौकटींत मांडणारे पालक नकळत हीच पद्धति आचरितात. कारण तेथील प्रत्येक सूत्र म्हणजे एक फलन असतें. शिवाय आज यंत्रेंच मागितल्याबरोबर आज्ञावली लिहून देऊं लागलीं आहेत. त्यामुळें ज्यास नुसतें लिहितां येतें त्याची किंमत उतरणार, आणि जें लिहिलें गेलें तें खरें कीं खोटें हें ज्यास पारखतां येतें त्याची चढणार, असें आमचें स्पष्ट मत आहे.

म्हणून आमची सूचना साधी आहे. शाळेंत नवी भाषा आणण्याची घाई नको. भूमितीची सिद्धता घोकून न लिहितां, प्रत्येक पायरीस ‘कां ?’ असें विचारण्याची संवय विद्यार्थ्यांस लावावी. आणि संगणकाच्या तासाला यंत्र सुरू करण्यापूर्वीं, काय दिलें आहे व काय निघावयास हवें, हें दोन ओळींत कागदावर लिहून घ्यावें. यास पैसा लागत नाहीं. फक्त धीर लागतो.

आणि विद्यार्थी मित्रहो, ‘क्ष = क्ष + १’ तुम्हांस पुढेंही लिहावें लागेल; तें लिहूंच नका, असें आमचें म्हणणें नाहीं. परंतु लिहितांना क्षणभर थांबून स्वतःस विचारा : मी येथें काय पुसलें, आणि तें दुसरें कोणी वाचीत तर नव्हतें ना ?