डोळ्याला डोळ्याचेच माप हवे!

मोबाइलच्या लहरींनी डोळे जातात, अशी आरोळी मधूनमधून उठते आणि 'किरणोत्सर्ग' हा शब्द ऐकून भल्याभल्यांच्या पोटात गोळा उठतो. वस्तुतः बिनतारी लहरींना तो शब्द लावणेच चूक आहे, 'प्रारण' म्हणावे. क्ष-किरणांप्रमाणे अणूंची मोडतोड करण्याचे बळ या लहरींच्या अंगी नाही. त्या शरीरात शिरतात, तेथील पाण्याच्या रेणूंना हेलकावे देतात आणि ऊब निर्माण करतात. त्यांचे निर्विवाद सिद्ध झालेले कर्तृत्व एवढेच!

परंतु डोळ्याच्या बाबतीत ऊब ही क्षुल्लक गोष्ट नव्हे. हात तापला तर वाहते रक्त ती उष्णता घेऊन जाते. डोळ्यातील भिंगाला एकही रक्तवाहिनी नाही आणि त्याच्या गाभ्यातील प्रथिने जन्मभर बदलत नाहीत. एकदा नासली की नासली. काचेच्या भट्टीपुढे हयात घालविणाऱ्या कारागिरांना मोतीबिंदू होई, तो त्यामुळेच. प्रयोगशाळेत सशांच्या डोळ्यांवर सूक्ष्मलहरींचा मारा केला, तेव्हा भिंग 41 अंशांच्या आसपास तापून गढूळ झाले. मात्र तो मारा मोबाइलच्या लहरींहून कितीतरी पटींनी प्रखर होता. हे न सांगता जे सशाचा दाखला देतात, ते लोकांना केवळ भिववितात.

आपल्या देशात 1 सप्टेंबर 2012 पासून मोबाइलला किलोमागे 1.6 वॅटची मर्यादा आहे आणि ती एक ग्रॅम ऊतींच्या सरासरीने मोजतात. रक्ताने काहीच उष्णता वाहून नेली नाही असे धरले, तरी एवढ्या शक्तीने तासाभरात सुमारे दीड अंश वाढ होईल. प्रत्यक्षात त्याहून पुष्कळ कमी. युरोपात 10 ग्रॅमच्या सरासरीने 2 वॅट चालतात. आपला नियम अधिक कडक आहे, याबद्दल आम्ही सरकारला धन्यवाद देतो.

पण आमची तक्रार वेगळीच आहे. डोळ्यातील भिंगाचे वजन जेमतेम पाव ग्रॅम! संपूर्ण नेत्रगोल साडेसात ग्रॅमचा. म्हणजे युरोपच्या मापात अख्खा डोळा शेजारच्या मांसासह बुडून जातो आणि आपल्या मापातही भिंग वेगळे उरत नाही. चाचणीची कृत्रिम कवटी तर 1988 साली अमेरिकन लष्करातील पुरुषांच्या घेतलेल्या मोजमापांवरून बेतलेली. तिच्यात एकजिनसी द्रव भरतात आणि मोबाइल कानागालाशी धरतात. डोळा नावाची वस्तू त्या कवटीत नाहीच! कान हीच मोबाइलची जागा होती, तोवर हे खपून गेले. आज लोक तो तासन्‌तास तोंडासमोर धरून बोलतात, आणि बिनतारी चष्मे तर डोळ्यापासून दोन बोटांवर बसतात.

त्यात 26 गिगाहर्ट्‌झच्या लहरींचा लिलाव आपल्याकडे 2022 साली झाला. या लहरी मिलिमीटरभर आत शिरून विरतात. म्हणजे त्यांचा भार भिंगापेक्षा बुबुळावरील पारदर्शक पडद्यावर अधिक पडतो. तो अर्धा मिलिमीटर जाडीचा आणि तोही रक्तवाहिन्यांवाचून. तरीही आंतरराष्ट्रीय आयोगाच्या 2020 च्या नियमांनी त्याला कातडीच्या पंगतीला बसविले. आतल्या भिंगाला 2 अंशांची वाढ, तर याला 5 अंशांची, असा हिशेब!

दूरसंचार खात्याने डोळा असलेली कवटी चाचणीस घ्यावी, उपकरण जेथे धरतात वा घालतात तेथेच ठेवून मोजावे, आणि डोळ्याचा आकडा खोक्यावर मराठीसह देशी भाषांतून स्वतंत्र छापण्याची सक्ती करावी. गच्चीवरच्या अँटेनासमोर उभे राहून काम करणाऱ्या कामगारांपासून या मोजणीस आरंभ झाला, तर अधिक बरे. प्रखर लहरींशी खरी गाठ त्यांचीच पडते.