यंत्रमानवाची भूल

लंडनच्या रीजंट स्ट्रीटवर २०१५ मध्ये एका नव्या कंपनीचे दुकान दिसू लागले. नाव 'पर्सोना सिंथेटिक्स'. घरकाम करणारे, मुले सांभाळणारे, वृद्धांना वेळच्या वेळी औषधे देणारे आणि दिसायला हुबेहूब माणसासारखे असे रोबो ही कंपनी विकणार होती. टीव्हीवर तिची जाहिरातही लागली. फ्रीज किंवा वॉशिंग मशीनच्या जाहिरातीत असते तसेच सगळे: स्वच्छ घर, समाधानी आईबाप, हसरी मुले. पाहणाऱ्यांपैकी काहींना ते खरेच वाटले आणि ते हबकले. प्रत्यक्षात अशी कंपनी नव्हतीच. ब्रिटनच्या 'चॅनल फोर' वाहिनीने आपल्या 'ह्यूमन्स' या नव्या मालिकेची हवा करण्यासाठी रचलेला तो बनाव होता.

एका स्वीडिश मालिकेवर बेतलेली 'ह्यूमन्स' २०१५ ते २०१८ या काळात तीन पर्वे चालली. तिच्याविषयी बोलणे झाले ते मुख्यतः एकाच प्रश्नाभोवती: यंत्राला जाणीव येईल का? कथानकही त्यावरच उभे आहे. मालिकेत या रोबोंना 'सिंथ' म्हणतात. त्यांतल्या मोजक्या काही जणांना गुपचूप जाणीव दिली गेली आहे आणि लोक त्यांच्या मागावर आहेत. पाठलाग, कारस्थाने, गोळीबार यांची कमतरता नाही. पण आरोग्याच्या अंगाने पाहिले तर मालिकेतला खरा ऐवज या धावपळीत नाही. तो हॉकिन्स नावाच्या चारचौघांसारख्या कुटुंबाच्या घरात आहे, आणि तो नीट दिसायला १९६४ सालच्या एका पुस्तकाचा चष्मा लावावा लागतो.

जो आणि लॉरा हॉकिन्स यांना तीन मुले. लॉरा वकील, कामासाठी बाहेरगावी गेलेली. घर आवरता आवरत नाही म्हणून जो दुकानात जाऊन एक सिंथ विकत आणतो. मुले तिचे नाव ठेवतात ॲनिता. लॉरा परतते तेव्हा घर लखलखीत, जेवण तयार आणि दारात एक अनोळखी सुंदर बाई. पुढे एका प्रसंगी लॉरा तिला बजावते की तुझ्यावर माझी नजर आहे. त्यावर ॲनिता शांतपणे सांगते की मुलांची काळजी ती लॉरापेक्षा चांगली घेऊ शकते. ती विसरत नाही, रागावत नाही, दारू पीत नाही, खचत नाही, घाबरत नाही. मात्र ती त्यांच्यावर प्रेम करू शकत नाही.

मालिकेतला हा सर्वाधिक गाजलेला संवाद. प्रेक्षक तिथे थबकतो आणि विचार करू लागतो, की हिला खरेच प्रेम करता येत नसेल का? कॅनडाचे माध्यमतज्ज्ञ मार्शल मॅक्लुहान हा प्रसंग पाहायला असते तर म्हणाले असते, फसलात!

'अंडरस्टँडिंग मीडिया' या १९६४ च्या पुस्तकात मॅक्लुहान यांनी एक उपमा वापरली आहे. घरफोड्या कुत्र्यापुढे मांसाचा रसदार तुकडा टाकतो. कुत्रा त्यात गुंतला की हा आत शिरतो. माध्यमातला आशय म्हणजे तो तुकडा. टीव्हीवर कोणता कार्यक्रम लागला आहे, फोनवर कोण काय बोलले, यावर लोक वाद घालत बसतात आणि तोवर खुद्द टीव्हीने, खुद्द फोनने घराची बैठक, झोपेची वेळ, माणसामाणसांतले अंतर बदलून टाकलेले असते. 'माध्यम हाच संदेश' या त्यांच्या पुरेपूर झिजलेल्या वाक्याचा अर्थ एवढाच आहे. रोबोला प्रेम करता येते का, हा ॲनिताने टाकलेला तुकडा आहे. ती घरात आल्याने घराचे काय झाले, याच्याशी त्या उत्तराचा फारसा संबंध नाही.

मॅक्लुहान यांच्या लेखी माध्यम म्हणजे केवळ वृत्तपत्र किंवा दूरदर्शन नव्हे. चाक हे पायाचे विस्तारित रूप, कपडे त्वचेचे, पुस्तक डोळ्याचे. माणसाच्या एखाद्या क्षमतेला बाहेर काढून लांब-रुंद करणारी प्रत्येक वस्तू म्हणजे माध्यम. त्या हिशेबाने सिंथ हे माणसाच्या सेवाशुश्रूषेचे, काळजी घेण्याच्या क्षमतेचे विस्तारित रूप ठरते. पुढचा मुद्दा मात्र त्यांनी थेट वैद्यकातून उचलला. ताणाच्या अभ्यासासाठी ओळखले जाणारे हान्स सेल्ये आणि अन्य संशोधकांच्या कामाचा आधार घेऊन ते म्हणतात, की जो त्रास टाळता येत नाही आणि नेमका कुठे आहे तेही कळत नाही, त्यावर मज्जासंस्था एकच उपाय करते. तो भाग बधिर करून टाकते. म्हणजे जे अंग विस्तारले, तेच आतून सुन्न झाले. पाण्यातल्या आपल्या प्रतिबिंबावर खिळलेल्या नार्सिससची ग्रीक कथा ते याच अर्थाने सांगतात. तो स्वतःच्या प्रेमात पडला नव्हता. ते प्रतिबिंब दुसऱ्या कुणाचे आहे असे वाटून तो बधिर झाला होता. मराठीतला 'भूल' हा शब्द मॅक्लुहान यांना माहीत असता तर फार उपयोगी पडला असता. शस्त्रक्रियेआधी देतात तीही भूल, रूप पाहून पडते तीही भूल आणि हातून होते तीही भूल.

अर्थात, ही उपमा आहे, शरीरशास्त्र नव्हे. मॅक्लुहान यांना उपमा ताणायची खोडही होती. पण 'ह्यूमन्स'चे पहिले पर्व ही उपमा हाताशी धरून पाहिले, की एरवी किरकोळ वाटणारे प्रसंग एकदम ठळक होतात.

धाकट्या सोफीला रात्री गोष्ट वाचून दाखवणे हे लॉराचे काम. एके रात्री सोफीला ॲनिताच हवी असते, कारण ॲनिता घाई करत नाही. लॉरा घाई करते, कारण तिला उद्याचा खटला आहे, डोके दुखते आहे आणि ती माणूस आहे. आता लॉराच्या हाती काय उरते? दमलेल्या आईने घाईघाईत वाचलेली गोष्ट कालपर्यंत गोष्टच होती. आज ती दुय्यम दर्जाची सेवा ठरली. ॲनिताने काही हिरावून घेतले नाही, फक्त मोजपट्टी बदलली. मोठी मुलगी मॅटी हुशार आहे, पण अभ्यासात तिचे मन नाही. डॉक्टर व्हायला सात वर्षे घालवायची आणि तोवर कुठल्याही जुन्या सिंथला क्षणात मेंदूचा शल्यविशारद करता येणार असेल, तर कशासाठी शिकायचे, असा तिचा सवाल आहे. २०१५ मध्ये हा कल्पनारंजनाचा भाग होता. आज बारावीच्या वर्गातही तो ऐकू येऊ शकतो.

तिसरे उदाहरण पीट ड्रमंड या पोलिसाचे. त्याची बायको जिल अपघातात जायबंदी झालेली. तिच्यासाठी सायमन नावाचा शुश्रूषा करणारा सिंथ आणला आहे. तो तिला उचलतो, व्यायाम करून घेतो, कंटाळत नाही. जिलची तब्येत सुधारते. पीटला मात्र आपल्याच घरात कुठे उभे राहायचे ते कळेनासे होते. वैद्यकीय अहवालात ही शंभर टक्के यशस्वी केस म्हणून नोंदली जाईल आणि ती नोंद खोटीही नसेल.

दुसऱ्या पर्वात मालिका जिथे पोहोचते तिथे तर मॅक्लुहान यांनीच पटकथेत हात घातला असावा असे वाटते. सोफी बदलू लागते. ताठ चालते, सपाट आवाजात बोलते, केस चापूनचोपून बसवते, रडू दाबते. सिंथना काही दुखत नाही, मग तसेच झालेले बरे, असा त्या पोरीचा हिशेब. डॉक्टर या अवस्थेला आजाराचे नाव देतात. मुलांनी सिंथशी अति तादात्म्य पावण्याचा विकार. हा आजार काल्पनिक आहे. तिचा थोरला भाऊ टोबी याच्या ओळखीची एक मुलगी तर जाणूनबुजून सिंथसारखी वावरते. माणूस आपल्या यंत्रांना सतत अंगावर वागवत राहिला तर तोच त्यांचा जोडभाग होऊन बसतो, हे मॅक्लुहान यांनी पन्नासेक वर्षे आधी लिहून ठेवले होते. तेव्हा जाणीव आलेल्या यंत्रापेक्षा जाणीव आवरून धरणारी शाळकरी मुलगी ही या मालिकेतली अधिक अस्वस्थ करणारी गोष्ट आहे. पाठलागांच्या गर्दीत तिला पडद्यावर फार वेळ मिळत नाही, हा मालिकेचा दोष म्हणावा लागेल.

हे सारे टीव्हीपुरते राहिले असते तर या सदरात त्याचे कारण नव्हते. यंत्राशी माणसासारखे वागायला यंत्र माणसासारखे दिसावे लागत नाही, हे प्रयोगांतून पूर्वीच दिसले आहे. बायरन रीव्ह्ज आणि क्लिफर्ड नास यांनी १९९६ च्या 'द मीडिया इक्वेशन' या पुस्तकात असे प्रयोग मांडले. लोकांनी एका संगणकावर काम केले आणि नंतर त्या संगणकाविषयी मत दिले. मत विचारणारा संगणक तोच असेल तर लोक अधिक चांगले बोलत, दुसरा असेल तर अधिक मोकळेपणाने उणिवा सांगत. संगणकाला वाईट वाटू नये म्हणून! विचारले असते तर यंत्राची भीड बाळगल्याचे त्यांनी कबूल केले नसते. भूल उतरल्याशिवाय ती दिली होती हे कळत नाही.

आता 'पारो'कडे पाहू. पांढऱ्या मऊ केसांचे, सीलच्या पिलासारखे दिसणारे हे जपानी यंत्र ताकानोरी शिबाता यांनी घडवले. कुरवाळले की ते हलते, आवाज करते. स्मृतिभ्रंश झालेल्या वृद्धांना शांत करण्यासाठी ते वापरले जाते. अमेरिकेत २००९ मध्ये त्याला वैद्यकीय उपकरण म्हणून मान्यता मिळाली. ऑस्ट्रेलियातल्या २८ शुश्रूषागृहांतल्या ४१५ वृद्धांवर त्याची चाचणी झाली आणि निष्कर्ष २०१७ मध्ये प्रसिद्ध झाले. एका गटाला पारो, दुसऱ्याला यंत्रणा बंद केलेला तोच पारो, म्हणजे निव्वळ मऊ खेळणे, आणि तिसऱ्याला नेहमीची शुश्रूषा. दहा आठवडे, आठवड्यातून तीनदा, पंधरा-पंधरा मिनिटे. नेहमीच्या शुश्रूषेच्या तुलनेत पारोमुळे मन:स्थिती आणि बेचैनी सुधारल्याचे दिसले. बंद पारोच्या तुलनेत मात्र चालू पारोचा फायदा एवढाच, की वृद्ध त्याच्याकडे अधिक पाहत, त्याच्याशी अधिक बोलत.

याचा अर्थ पारो निरुपयोगी, असा नाही. कुणीतरी अधिक बोलू लागणे ही स्मृतिभ्रंशात लहान गोष्ट नव्हे. पण त्या पंधरा मिनिटांत वृद्धासोबत कुणी मदतनीस बसत नसे. वृद्धावर काय परिणाम झाला ते चाचणीने चोख मोजले. जो तिथे बसला नाही, त्याच्यावर काय झाला? हे मोजणे त्या चाचणीचे काम नव्हते, पण कुणाचे तरी असायला हवे. औषधाचे दुष्परिणाम ते घेणाऱ्यावर होतात. शुश्रूषेच्या यंत्राचे दुष्परिणाम ते आणणाऱ्यावरही होऊ शकतात, आणि तो तपासणीच्या खोलीबाहेर उभा असतो.

मराठी घरांना हे कळायला सिंथची वाट पाहण्याची गरज नाही. मुले परदेशात किंवा दिवसभर कामावर, आजी अंथरुणाला खिळलेली, आणि ब्युरोकडून आलेली बारा तासांच्या ड्युटीची मावशी. आजीचे डायपर, औषधे, पाठीला पडणाऱ्या जखमा सगळे ती पाहते. घरच्यांपेक्षा चांगले पाहते. सहा महिन्यांनी आजीला कूस कशी बदलून द्यायची हे मुलाला आठवत नाही, खोलीत गेल्यावर काय बोलावे ते सुचत नाही, आणि आजी मावशीचेच ऐकते याचा राग मावशीवर निघतो. लॉरा ॲनिताशी वागते तसाच. फरक इतका, की मावशी माणूस आहे. तिची पाठ दुखते, तिच्या घरीही कुणीतरी आजारी असते. ती सुट्टी मागते त्या दिवशी मुलगा नाइलाजाने आजीजवळ बसतो. रोबो सुट्टी मागणार नाही, आणि ही त्याची खुबी म्हणून जाहिरातीत छापली जाईल.

मालिकेत याच्या उलटही एक माणूस आहे. डॉ. जॉर्ज मिलिकन या निवृत्त संशोधकाची भूमिका विल्यम हर्ट यांनी केली आहे. बायको वारलेली, स्मरणशक्ती साथ सोडते आहे. त्यांच्याकडे ओडी नावाचा जुना सिंथ आहे आणि बायकोच्या ज्या आठवणी जॉर्जना सापडत नाहीत, त्या ओडीकडे साठवलेल्या आहेत. पण ओडी मोडकळीला आला आहे. अडखळतो, वस्तू सांडतो, मध्येच थिजतो. जॉर्ज त्याला सांभाळून घेतात, लटपट दुरुस्त्या करतात, त्याच्या वतीने खोटे बोलतात. विस्ताराने इथे अंग सुन्न झालेले नाही, कारण यंत्र धड चालत नाही आणि माणसाला हात लावावाच लागतो. सरकारी आरोग्यसेवा मग त्यांना व्हेरा ही नवी सिंथ पाठवते. नाडी, जेवण, झोप, औषधे सगळे तिच्या देखरेखीखाली. कामात कुठे बोट ठेवायला जागा नाही. ओडीला भंगारात देण्याची वेळ येते तेव्हा जॉर्ज त्याला लपवून ठेवतात. व्हेराच्या नोंदींत रुग्ण औषधे वेळेवर घेतो की नाही ते येईल, सहकार्य करतो की नाही तेही येईल. लपवलेल्या ओडीसाठी तिच्या तक्त्यात रकाना नाही.