मेडिकलमध्ये ‘ॲझी’ मागण्याआधी

घसा खवखवतोय, नाक गळतंय, अंगात कणकण आहे. अशा वेळी मेडिकलमध्ये जाऊन ‘ॲझी ५००, तीन गोळ्या द्या’ म्हणायची आपल्याला इतकी सवय झाली आहे की त्यात काही गैर वाटतच नाही. २०१९ साली भारताच्या खासगी बाजारात सर्वाधिक खपलेलं अँटिबायोटिक हेच होतं, ॲझिथ्रोमायसिन ५०० मिलिग्रॅमची गोळी. माझी कळकळीची विनंती आहे, डॉक्टरांनी लिहून दिल्याशिवाय ती मागू नका. का, ते नीट सांगतो.

सर्दी-पडसं आणि बहुतेक घसादुखी विषाणूंमुळे होते. विषाणूंवर या गोळीचा उपयोग नाही. ती जिवाणूंसाठी आहे. जिवाणूच्या पेशीत रायबोसोम नावाचे हजारो सूक्ष्म कारखाने प्रथिनं बनवत असतात. तयार होणारी साखळी एका अरुंद बोगद्यातून बाहेर पडते. औषध त्या बोगद्यात जाऊन बसतं, साखळी अडते आणि जिवाणूची वाढ थांबते.

काही जिवाणूंकडे मात्र ‘अर्म’ गटातलं एखादं जनुक असतं. त्याच्यापासून बनणारं एन्झाइम रायबोसोमच्या आरएनएवर २०५८ क्रमांकाच्या जागी एक किंवा दोन मिथिल गट चिकटवतं. मिथिल गट म्हणजे एक कार्बन आणि तीन हायड्रोजन, बस्स. पण औषधाला बसायला नेमकी तीच जागा हवी असते. क्लिंडामायसिन हे वेगळं औषधही तिथेच बसतं, म्हणून रुग्णाने कधी न घेतलेलं ते औषधसुद्धा निकामी होतं. शिवाय हे जनुक एका जिवाणूकडून दुसऱ्याकडे जाऊ शकतं.

ही युक्ती माणसाने शिकवलेली नाही. ॲझिथ्रोमायसिन ज्याच्यापासून बनवलं जातं ते एरिथ्रोमायसिन फिलिपिन्समधल्या इलोइलोच्या मातीतल्या जिवाणूने दिलं. १९५२ मध्ये ते बाजारात आलं. तो जिवाणू आपल्याच विषाने मरत नाही, कारण आपल्या रायबोसोमवर तो त्याच जागी मिथिलची खूण करून ठेवतो.

मला सर्वांत जास्त काळजी वाटते ती पुढच्या गोष्टीची. मिथिल लागलेला रायबोसोम काही प्रथिनं नीट बनवू शकत नाही, म्हणून अनेक जिवाणू हे जनुक एरवी बंद ठेवतात. ते चालू होतं औषधाच्या स्पर्शाने. औषधाचा थोडा अंश आत शिरला की जनुकाच्या संदेशाची घडी उलगडते आणि एन्झाइम तयार होऊ लागतं. आणि ॲझिथ्रोमायसिन तीन दिवसांत संपत नाही. गोळ्या संपल्यावरही ते शरीरात कित्येक दिवस रेंगाळतं. घशात, त्वचेवर, आतड्यात शांतपणे राहणाऱ्या आपल्याच जिवाणूंना ते भेटत राहतं. बेल्जियममध्ये निरोगी स्वयंसेवकांना हे औषध देऊन पाहिलं गेलं. २००७ साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात, सहा महिन्यांनंतरही त्यांच्या घशातल्या प्रतिरोधी जिवाणूंचं प्रमाण औषध न घेतलेल्यांपेक्षा जास्त होतं. एका साध्या पडशासाठी एवढी किंमत!

विषमज्वरासारख्या आजारात हीच गोळी मोलाची ठरते. तेव्हा डॉक्टरांनी दिली तर सांगितली तशी, सांगितले तितके दिवस घ्या; घाबरू नका. पण घरात उरलेली पट्टी शेजाऱ्याला देऊ नका, मुलाला ‘मागच्या वेळी लागू पडली होती’ म्हणून देऊ नका. पट्टीवर उभी लाल रेघ दिसली, तर ते औषध चिठ्ठीशिवाय घ्यायचं नाही, एवढं घरातल्या सगळ्यांना सांगून ठेवा. आणि डॉक्टर म्हणाले की ‘अँटिबायोटिकची गरज नाही’, तर दुसऱ्या दवाखान्यात जाऊन ते मागू नका.

गळू झालं, जखम चिघळली आणि डॉक्टरांनी पू तपासायला सांगितला, तर कल्चरचा खर्च टाळू नका. प्रयोगशाळेत जिवाणूंच्या थरावर एरिथ्रोमायसिन आणि क्लिंडामायसिनच्या दोन चकत्या शेजारी शेजारी ठेवतात. ‘अर्म’ जनुक आहे पण झोपलेलं आहे असं असेल, तर क्लिंडामायसिनभोवतीचं स्वच्छ वर्तुळ एरिथ्रोमायसिनच्या बाजूने चपटं होतं, इंग्रजी ‘डी’सारखं. म्हणूनच या चाचणीला डी-टेस्ट म्हणतात. रिपोर्टवर ‘डी-टेस्ट पॉझिटिव्ह’ असेल, तर तो कागद जपून ठेवा आणि पुढच्या वेळी डॉक्टर कोणीही असोत, औषध लिहिण्याआधी त्यांच्यासमोर ठेवा.