काळ्याभोर लाकडाचा हट्ट

आबनुसाचा गाभा काळाकुळकुळीत आहे की रेघारेघांचा, हे झाड पाडल्याशिवाय कळत नाही. गिटार घेणाऱ्यांना मात्र फिंगरबोर्ड, म्हणजे तारांखालची बोटे दाबायची पट्टी, काळाच हवा असतो. म्हणून कॅमेरूनच्या जंगलात लाकूडतोडे झाड पाडायचे आणि बुंध्यात तपकिरी रेघा दिसल्या की ते तिथेच टाकून पुढच्या झाडाकडे वळायचे. अमेरिकेच्या टेलर गिटार्सने २०११ मध्ये एका स्पॅनिश भागीदारासोबत याउंदे इथली आबनुसाची गिरणी घेतली, तेव्हा कंपनीचे सहसंस्थापक बॉब टेलर यांना कळले की एका काळ्या झाडापायी साधारण दहा झाडे पडतात. उरलेली नऊ जंगलातच कुजायची. टेलर यांनी रेघांच्या लाकडालाही काळ्याचाच भाव द्यायचे ठरवले आणि ते आपल्या महागड्या गिटारींवर लावले. वाजवण्याच्या दृष्टीने दोन्ही लाकडे सारखीच.

टिकाऊ पर्यायांची चर्चा निघाली की लोक थेट कार्बन फायबरपर्यंत पोचतात. माझ्या मते खरा पर्याय याच्या कितीतरी अलीकडे आहे. जे झाड पडलेच आहे, ते टाकायचे नाही.

हा प्रश्न आपल्यापासून लांबचा नाही. ब्राझीलमधून रोझवूडचे ओंडके मिळणे अवघड झाले, तेव्हा गिटार बनवणारी मार्टिन कंपनी १९६९ मध्ये भारतीय रोझवूडकडे वळली. हे आपले शिसवी लाकूड, सह्याद्रीपासून दक्षिणेच्या डोंगरांपर्यंत वाढणारे. जगातल्या असंख्य गिटारींची पाठ आणि बाजू आज त्याच्या आहेत. ब्राझिलियन रोझवूडचा व्यापार १९९२ पासून साइट्स या धोक्यातल्या प्राणी-वनस्पतींच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराखाली जवळपास बंदच आहे. जानेवारी २०१७ मध्ये रोझवूडच्या डालबर्जिया प्रजातीतली सगळी झाडे, शिसवासह, परवान्याच्या कक्षेत आली. वादक आणि कारागीर हैराण झाले आणि २०१९ च्या अखेरीस तयार वाद्यांना सूट मिळाली. कागद कमी झाले हे बरेच झाले, पण शिसवाचे झाड काही त्यामुळे लवकर वाढणार नाही.

‘रोझवूडशिवाय तो आवाज येत नाही’ हे वाक्य कुठल्याही वादकाकडून ऐकायला मिळते. इंग्लंडच्या लँकेस्टर विद्यापीठात ते तपासून पाहिले गेले. कारागीर रॉजर बकनल यांनी सहा गिटारी बनवल्या. सगळ्यांचा आकार एक, वरची फळी सिटका स्प्रूसची. फक्त पाठ आणि बाजू वेगवेगळ्या लाकडांच्या, ब्राझिलियन रोझवूडपासून साध्या सपेलेपर्यंत. ५२ वादकांना अंधाऱ्या खोलीत वेल्डिंगचे चष्मे घालून त्या वाजवायला दिल्या. सगळ्या गिटारींना मिळालेले गुण जवळपास सारखेच होते, आणि त्यांतल्या ज्यांची चाचणी घेतली, त्यांना गिटारी एकमेकींपासून वेगळ्या ओळखणेही धड जमले नाही. हा अभ्यास २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. स्पेनच्या आंतोनियो दे तोरेस यांनी तर १८६२ मध्येच पाठ आणि बाजू कागदाच्या लगद्याच्या पुठ्ठ्याच्या करून गिटार बांधली होती. गिटारचा आवाज मुख्यतः वरच्या फळीतून येतो, हे त्यांना दाखवायचे होते. ती गिटार बार्सिलोनाच्या संगीत संग्रहालयात आहे.

कार्बन फायबरला मी नावे ठेवत नाही. दमट हवेत ते फुगत नाही, उन्हात तडकत नाही. कोकणात राहणाऱ्या वादकाला हे मोठेच सुख. पण ते खनिज तेलातून येते, भट्टीत प्रचंड ऊर्जा खाते आणि त्याचा पुनर्वापर सोपा नाही. कागद आणि रेझिन दाबून केलेले रिचलाइट फिंगरबोर्डसाठी उत्तम, गिब्सन कंपनीने ते आपल्या लेस पॉल कस्टम गिटारीवरही वापरले आहे. मला सर्वांत पटतो तो शहरी लाकडाचा मार्ग. कॅलिफोर्नियात रस्त्याकडेची म्हातारी झालेली अ‍ॅशची झाडे नाहीतरी काढावीच लागतात. टेलर कंपनी २०२० पासून त्या लाकडाच्या गिटारी बनवते. आपल्या शहरांत पावसाळ्यात उन्मळून पडणाऱ्या झाडांचा असा विचार कोणी करते का? मिरजेच्या तंबोऱ्याचा भोपळा तर शेतात पिकतो, दर हंगामात नवा.

आबनुसाची आणखी एक गोष्ट सांगायलाच हवी. त्याची फळे जंगली हत्ती खातात आणि शेणातून बिया दूरवर पेरतात. शेणात दडलेल्या बिया उंदरांपासूनही वाचतात. शिकारीमुळे जिथे हत्ती संपले, तिथे आबनुसाची रोपटीही झपाट्याने घटली. कॅमेरूनमध्ये आता आबनुसाची लागवड होते आहे. ती रोपे कापण्याजोगी होईपर्यंत आज गिटार शिकणारी मुले म्हातारी झालेली असतील.

म्हणून गिटार घ्यायला जाल तेव्हा दुकानदाराला लाकूड कोणते आणि कुठून आले, एवढे जरूर विचारा. रेघांचा फिंगरबोर्ड दिसला तर तो ‘डिफेक्ट’ म्हणून परत करू नका. आणि निवड करताना डोळे मिटून वाजवून पाहा.